बोली संपल्यावरचीं बोलणीं

‘लिलाव’ हा शब्द आपण इतका घरचा करून टाकला आहे कीं, तो पोर्तुगीजांबरोबर या देशीं आला हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शब्द परका असला तरी व्यवहार मात्र परका नव्हे. म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत घर-जमीन विकण्याची रीत सांगितली आहे. शेजाऱ्यांच्या समक्ष वस्तूच्या सीमा व मोल पुकारावें, तीन वेळां पुकारूनहि कोणीं हरकत न घेतल्यास घेणाऱ्यानें ती घ्यावी, आणि चढाओढीनें मोल वाढल्यास ती वाढ राजाच्या कोशांत जावी, असा तेथील आशय आहे. यांतील शेवटला भाग आजच्या विकणाऱ्यास रुचणार नाहीं. परंतु पहिला भाग फार मोलाचा आहे. वस्तु कोणती, ती कोठें आहे आणि कोणत्या मर्यादेनें विकली जात आहे, हें सर्वांच्या कानीं एकाच वेळीं व सारखेंच पडावें, हा लिलावाचा प्राण होय. बोली त्यानंतरची.

हल्लीं हा पुकारा संगणकावर आणि खिशांतील फोनवर होतो. अमेरिकेंत १९९५ सालीं निघालेल्या ईबे या संस्थेनें ही रीत देशोदेशीं नेली. २००४ सालीं तिनें मुंबईची बाझी ही संस्था विकत घेतली, आणि २०१८ सालीं तिच्या नांवाचें भारतांतील दुकान बंद झालें. दुकान उठलें तरी संवय राहिली. जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, पितळेचीं भांडीं, ग्रामोफोन अशा वस्तु घरोघरचे तरुण आतां घरबसल्या बोलीवर विकूं लागले आहेत. त्यांत वाईट कांहींच नाहीं. अडगळींतील वस्तु ज्याला हवी त्याच्या हातीं जाते, आणि घरांत चार पैसे येतात. मात्र या व्यवहारांत एक अडचण वारंवार येते. बोली लावतांना सर्व अटी मुकाट्यानें मान्य करणारें गिऱ्हाईक बोली जिंकल्यावर दुसऱ्या दिवशीं म्हणतें, “वस्तु अशी नको, तशी पोंचती करा.” अशा गिऱ्हाइकाशीं कसें वागावें, हा आजच्या लेखाचा विषय आहे, आणि तो आम्हांस ग्रंथांनीं नव्हे, तर आमच्याच ओसरीवरील एका पायपेटीनें शिकविला.

ही पायपेटी आमच्या कैलासवासी वडील बंधूंची. गणपतीच्या दिवसांत ते तिच्यापुढें बसत आणि सारें घर भोंवतीं जमे. ते गेल्यावर नऊ वर्षें ती मिटलेलीच राहिली. घरांतील मुलांस तिचा नाद नाहीं, आणि जागा तर ती अडवी. शेवटीं वहिनींनींच सांगितलें, “भावोजी, वाद्य मुकें ठेवण्यापेक्षां वाजविणाऱ्याच्या घरीं जाऊं द्या.” तेव्हां पुतण्यानें छायाचित्रें घेतलीं, लिलाव मांडिला, आणि आमच्या सांगण्यावरून खालीं स्वच्छ अट घातली: ‘पेटी गोंदिया येथें आमच्या घरीं येऊन, पाहून न्यावी. बांधणी, हमाली व वाहतूक घेणाऱ्याकडे. मुदत सात दिवस.’

बोली आठवडाभर चालली. शेवटीं पुण्याच्या एका गृहस्थांची १४,५०० रुपयांची बोली सर्वांत वरची ठरली. तिच्या खालची १४,२०० रुपयांची बोली आमगांवच्या एका भजनी मंडळाची होती. आमगांव म्हणजे आमच्या गोंदियाच्या पूर्वेस, त्याच लोहमार्गावरचें जवळचें गांव. पुण्याच्या गृहस्थांनीं पैसे तात्काळ भरले, म्हणून आम्ही निश्चिंत झालों. दुसऱ्या दिवशीं त्यांचा निरोप आला कीं, मला येणें होत नाहीं, एखाद्या वाहतूकवाल्याकडे पेटी देऊन टाका, भाडें मी देतों. पुतण्यानें आम्हांस न विचारतां लिहिलें, “हरकत नाहीं.” तिसऱ्या दिवशीं त्यांनीं विचारलें, बांधणी कोण करणार? फोन त्या वेळीं सूनबाईच्या हातांत होता. तिनें सौजन्यानें कळविलें कीं, आम्हीच करून देऊं. चौथ्या दिवशीं गृहस्थ म्हणाले, पेटी तिसऱ्या मजल्यावर पोंचली पाहिजे. त्यालाहि “हरकत नाहीं” हेंच उत्तर गेलें. श्रावणाचे दिवस होते, पावसाची झड लागली होती. दोन जुन्या गोधड्यांत गुंडाळून पेटी रवाना झाली.

दहा दिवसांनीं तिकडून छायाचित्रें आलीं. भाता फाटलेला, मागची फळी तडकलेली, तीन पट्ट्या निखळलेल्या. गृहस्थांनीं सगळे पैसे परत मागितले. आम्हीं त्यांस अटीचें स्मरण दिलें. त्यांनीं शांतपणें उत्तर केलें, “ती अट तुम्हींच सोडलीत. बांधली तुम्हीं, वाहतूकवाला पाहिला तुम्हीं, पाठविली तुम्हीं.” लिलाव चालविणाऱ्या संस्थेनें दोन्ही बाजूंचें लिखाण पाहण्यास मागितलें, तेव्हां आमच्या बाजूस ‘हरकत नाहीं’ या दोन शब्दांखेरीज कांहींच निघालें नाहीं. गृहस्थांचें म्हणणें खरें होतें, आणि तेंच आम्हांस लागलें. पैसे परत केले, जाण्यायेण्याचें भाडें आमच्या अंगावर पडलें, आणि पुतण्याचें व आमचें दोन दिवस बोलणें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं वहिनी म्हणाल्या, “पैशांचें काय घेऊन बसलांत? आमगांवची ती मंडळी स्वतः येऊन पेटी उचलून नेणार होती. त्यांच्याकडे ती आज वाजत असती.”

वहिनींच्या या एका वाक्यांत सगळा विषय आहे. आम्ही इतके दिवस हा प्रश्न आमचा आणि पुण्याच्या गृहस्थांचा समजत होतों. वास्तविक लिलावांत दोन पक्ष नसतात, तीन असतात. विकणारा, जिंकणारा, आणि हरून मुकाट्यानें बाजूस झालेला. हा तिसरा आपल्यासमोर येत नाहीं, निरोप धाडीत नाहीं, म्हणून आपणांस त्याचा विसर पडतो.

आमगांवच्या मंडळानें १४,२०० वर हात कां आवरला? येऊन नेण्याचा खर्च, छोट्या मालगाडीचें भाडें, चार माणसांचा अर्धा दिवस, हें सर्व त्यांनीं मनांत मांडलें असणार. पुण्यामुंबईच्या किती लोकांनीं ‘गोंदियास येऊन न्यावी’ हे शब्द वाचून बोलीच लावली नसेल! पेटी घरपोंच मिळणार असें त्यांस ठाऊक असतें तर कदाचित् त्यांपैकीं कोणी अधिक मोल दिलें असतें. म्हणजे पोंचविण्याची अट ही मोलापासून निराळी वस्तु नव्हेच. ती मोलाचाच भाग आहे. जो मनुष्य अट डोळ्याआड करून बोली लावतो आणि मागाहून ती बदलून मागतो, तो नवी सवलत मागत नसतो. लिलाव पुन्हां, पण या वेळीं एकट्याशींच करा, असें तो म्हणत असतो. आपल्या शास्त्रकारांनीं अर्धजरतीय न्याय सांगितला आहे तो हाच. एका अखंड वस्तूचा सोयीचा अर्धा भाग पत्करावा आणि गैरसोयीचा अर्धा नाकारावा, हें तर्कास धरून नाहीं. मोल लिलावाचें आणि पोंच आपल्या मनाची, असा मेळ बसत नाहीं.

हा विचार केवळ आमच्या ओसरीवरचा आहे असें मात्र नाहीं. १९७७ सालीं मुंबईच्या विमानतळावर एक उपाहारगृह व अल्पोपाहाराचीं दोन दुकानें चालविण्याकरितां आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानें निविदा मागविल्या. निविदा भरणारा निदान ५ वर्षांच्या अनुभवाचा, नोंदलेला दुसऱ्या वर्गाचा हॉटेलचालक असावा, अशी अट होती. ज्यांची निविदा पत्करली गेली त्यांस ती अट लागू पडत नव्हती. रमण दयाराम शेट्टी यांनीं दाद मागितली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९७९ सालीं न्यायमूर्ति भगवती यांनीं निर्णय दिला कीं, सरकारी संस्थेनें जी कसोटी स्वतः जाहीर केली तिनें ती स्वतःहि बांधली जाते. कारण अट सैल आहे हें आधीं कळलें असतें तर तीच उणीव असणारे इतर लोकहि पुढें आले असते. विलंब इत्यादि कारणांनीं शेट्टी यांस प्रत्यक्ष दाद मिळाली नाहीं, परंतु तत्त्व कायम झालें. हें बंधन सरकारी संस्थांवरचें आहे, खासगी घरावर तें जसेंच्या तसें लागू नाहीं. तरी त्यामागची न्यायबुद्धि गृहस्थाश्रमी माणसासहि सोडवणार नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील लोकांस हें तेंदूपत्त्याच्या उदाहरणानें लवकर पटेल. वनहक्क अधिनियम २००६ अन्वयें सामूहिक हक्क मिळालेल्या देवरी, अर्जुनी मोरगांव इत्यादि तालुक्यांतील ग्रामसभा आपल्या जंगलाचा पत्ता बोली मागवून विकतात. सत्तर पानांचा एक पुडा, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा महाराष्ट्रांतला हिशेब आहे. उन्हाळ्यांत पानें तोडून फडावर आणावयाचीं, पुडे उन्हांत मांडून वाळवावयाचे, आणि मग पोत्यांत भरावयाचे. या वाळवणावर वळवाचा पाऊस पडला तर माल काळवंडतो. आतां समजा, ओले पुडे फडावर मोजून घेण्याची अट मान्य करून एखाद्या ठेकेदारानें बोली जिंकली, आणि मग तो म्हणूं लागला कीं, मी माल वाळवून पोत्यांत भरल्यावरच ताब्यांत घेईन. शब्द थोडेच बदलले. पण पावसाची सगळी जोखीम ठेकेदाराच्या डोक्यावरून उतरून पानें तोडणाऱ्या बायामाणसांच्या डोक्यावर बसली. माल ‘केव्हां’ आणि ‘कोठें’ द्यावयाचा हे प्रश्न दिसावयास सोयीचे असतात. खरोखर ते ‘बुडालें तर कोणाचें’ या एकाच प्रश्नाचीं दोन रूपें आहेत.

कायद्याचें म्हणणेंहि थोडक्यांत पाहूं. माल विक्री अधिनियम १९३० सालचा आहे. त्याच्या कलम ६४ प्रमाणें हातोडा पडतांच, किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या रीतीनें समाप्ति जाहीर होतांच, लिलावाची विक्री पुरी होते. तोंपर्यंत बोली लावणारास ती मागें घेतां येते, मग नाहीं. संगणकावरील लिलावांत ठरलेली वेळ संपून निकाल जाहीर होणें हाच हातोडा समजावा. कलम ३६ सांगतें कीं, निराळा करार नसेल तर विकलेला माल विक्रीच्या वेळीं जेथें असेल तेथेंच द्यावयाचा. म्हणजे आम्हीं अट घातली नसती तरी कायदा आमच्याच ओसरीकडे बोट दाखविता. कलम २६ प्रमाणें, निराळें ठरलें नसेल तर, मालकी जाईल तिच्याबरोबर जोखीम जाते. आणि कलम ३९ मध्यें मेख आहे. विकणाऱ्यानें माल पाठवावा असें ठरलें असेल तर वाहतूकदाराच्या हवालीं करणें हें सकृद्दर्शनीं घेणाऱ्यास पोंचविणेंच होय. परंतु वाहतूकदाराशीं करार करतांना विकणाऱ्यानें वाजवी काळजी घेतली नसेल आणि माल वाटेंत बिघडला, तर घेणारा ती पोंच नाकारूं शकतो. दोन गोधड्या ही वाजवी काळजी होती असें आम्हांसहि छातीठोक सांगवत नाहीं. वाहतूकदाराकडून भरपाई मिळवूं म्हणावें, तर २००७ च्या रस्ते-वाहतूक कायद्यांत, मालाचें वाढीव मोल आधीं घोषित केलेलें नसेल तर त्याची जबाबदारी मर्यादित ठेविलेली आहे.

करार बदलण्यासंबंधीं १८७२ च्या करार अधिनियमाचें कलम ६२ पुरेसें आहे. दोघांच्या संमतीनें करार बदलतां येतो, मोडतांहि येतो. एकट्याच्या इच्छेनें नाहीं. म्हणून घेणाऱ्यानें कितीहि निरोप धाडले तरी आपण ‘होय’ म्हणेपर्यंत मूळ अट जशीच्या तशी उभी असते. फोनवरचें लिहिणें म्हणजे कांहीं खरा करार नव्हे, अशी समजूत मात्र कोणीं बाळगूं नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्यें पुढें घातलेलें कलम १०-अ स्पष्ट सांगतें कीं, केवळ इलेक्ट्रॉनिक रीतीनें झाला म्हणून करार निष्फळ ठरत नाहीं. ‘हरकत नाहीं’ हे दोन शब्द आम्हांस बांधूं शकले ते यामुळेंच.

आतां व्यवहाराचें बोलूं. बोलीनंतर येणाऱ्या मागण्या तीन जातींच्या असतात, आणि प्रत्येकीस उत्तर निराळें आहे.

पहिली जात निरुपद्रवी. “सकाळीं न येतां सायंकाळीं येऊं का?” “माझ्याऐवजीं माझा भाचा आला तर चालेल का?” “पेटीची लांबी-रुंदी पुन्हां कळवाल का?” यांनीं मोल, खर्च व जोखीम यांपैकीं कशासहि धक्का लागत नाहीं. अशा वेळीं अडून बसणें हा कायदेपंडितपणा झाला; मोकळेपणानें होय म्हणावें, आणि येणाऱ्या माणसाचें नांव लिहून घ्यावें.

दुसऱ्या जातींत खर्च किंवा जोखीम एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. पाठवा, बांधा, महिनाभर सांभाळा, अर्धे पैसे माल पाहून देतों, या सर्व मागण्या या जातीच्या. येथें मूळ उत्तर ‘नाहीं’ हेंच असावें. तथापि पुष्कळदां मूळ अटींतच वाट सांपडते. आमच्या अटींत वाहतूक घेणाऱ्याकडे होती. तेव्हां “आपला वाहतूकदार आपण ठरवून आमच्या दारीं धाडा” एवढें कळविलें असतें तर अटहि राहती आणि त्या गृहस्थांची सोयहि होती. पुतण्यास हें सुचलें नाहीं. आम्हांसहि तें मागाहूनच सुचलें. वस्तूस दुसरी बोलीच नसेल, किंवा सवलतीनें कोणावर अन्याय होत नसेल, आणि आपण ती द्यावयाचें ठरविलें, तर वस्तु घरांतून हालण्यापूर्वीं चार गोष्टी लिहून कायम कराव्या: काय बदललें, त्याचा खर्च किती व तो कोणीं आधीं भरावयाचा, बांधणी कोणाची, आणि वाटेंत बिघाड झाल्यास तो कोणाचा. घेणाऱ्याचें ‘मान्य’ आल्याशिवाय दोरी बांधूं नये.

तिसरी जात घातकी. येथें गिऱ्हाईक पैसे आणि वस्तु यांचा क्रम उलटवूं पाहतें, किंवा पत्ता व माणूस ऐन वेळीं बदलतें. “मी लष्करांत आहें, बदली झाली आहे, माझा माणूस येतो, त्याच्याकडे देऊन टाका”, असा फोन येतो; पाठोपाठ पैसे मिळविण्यासाठीं म्हणून एक क्यूआर कोड येतो. २०१६ पासून यूपीआयनें पैसे देणेंघेणें सर्वत्र झालें आहे, तेव्हां घरांतील वडील मंडळींनींहि एवढें पाठ करून ठेवावें कीं, पैसे घेण्यासाठीं कोड टिपावा लागत नाहीं आणि गुप्त अंक कधींच घालावा लागत नाहीं. गुप्त अंक घातला कीं पैसे जातात, येत नाहींत. दुसरा डाव असा कीं, “चुकून जास्त रक्कम गेली, वरची परत धाडा.” पैसे आले कीं नाहीं हें आपल्या बँकेच्या खात्यांत पाहावें, गिऱ्हाइकानें पाठविलेल्या चित्रांत पाहूं नये. लिलावाच्या संस्थेबाहेर व्यवहार करूं असें कोणी सुचविल्यास तेथेंच नमस्कार करावा. फसगत झालीच तर लाजेनें गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर लागलीच कळवावें. जितका उशीर तितका पैसा दूर जातो. माल विक्रीच्या कायद्याचें सालहि १९३० च आहे, त्यामुळें हा आंकडा लक्षांत ठेवण्यास सोपा.

नकार कसा लिहावा हीच पुष्कळांची अडचण असते, म्हणून एक मासला देतों. वाचकांनीं तो खुशाल उतरून घ्यावा:

‘आपली बोली सर्वांत वरची ठरली याबद्दल अभिनंदन. वस्तु गोंदियाहून येऊन नेण्याची अट बोलीपूर्वींच जाहीर होती, आणि सर्वांनीं ती धरूनच बोली लावली. यास्तव ती आम्हांस बदलतां येत नाहीं. आपण ठरल्या मुदतींत स्वतः यावें, अगर आपला माणूस किंवा वाहतूकदार आपल्या खर्चानें व जोखमीनें धाडावा, आणि त्याचें नांव येथेंच लिहून कळवावें. वस्तु आमच्या दारांत त्याच्या ताब्यांत दिली कीं आमची जबाबदारी संपली. हें जमण्यासारखें नसेल तर उद्यां सायंकाळपर्यंत तसें कळवावें. आम्ही आपले पैसे परत करून खालच्या बोलीस विचारूं. त्याबद्दल मनांत किंतु ठेवूं नये.’

यांतील शेवटलीं दोन वाक्यें आम्ही मुद्दाम घातलीं आहेत. अट मोडून देण्यापेक्षां गिऱ्हाइकास मोकळें करणें अधिक दयेचें असतें. प्राचीनांनींहि विकलेल्या व घेतलेल्या वस्तूविषयीं पश्चात्ताप होऊं शकतो हें मान्य करून त्यास ‘अनुशय’ असें नांव दिलें, आणि त्याची मुदत आंखून दिली. कौटिल्याच्या मतें व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन, गुरें पाळणाऱ्यांस पांच. माघार घेण्यास अवसर आहे, पण तो मोजका आहे. त्याच प्रकरणांत, विकलेली वस्तु विनाकारण अडवून धरणाऱ्या विकणाऱ्यासहि बारा पण दंड सांगितला आहे, हें आपणहि विसरूं नये. आपण घातलेली अट गिऱ्हाइकास बांधते तशीच ती आपणांसहि बांधते. सात दिवसांची मुदत देऊन तिसऱ्याच दिवशीं ‘जागा अडते, लवकर न्या’ म्हणणें हाहि अट बदलण्याचाच प्रकार होय.

दोन सूचना एकत्र कुटुंबांसाठीं निराळ्या सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, वस्तु कोणाचीहि असो, गिऱ्हाइकास उत्तर एकाच माणसानें द्यावें. आमच्याकडे तिघांनीं सौजन्य दाखविलें आणि तिघांच्या सौजन्याची बेरीज हानींत झाली. दुसरी ही कीं, अटी लिलाव मांडण्यापूर्वीं सर्वांनीं बसून लिहाव्या, आणि पूर्ण लिहाव्या: वजन किती, कोठून न्यावी, केव्हांपर्यंत, बांधणी कोणाची, भाडें कोणाचें, पाठविणें शक्य आहे कीं नाहीं. बोली चालू असतां कोणीं प्रश्न विचारलाच तर उत्तर त्याच्या एकट्याच्या कानांत न देतां सर्वांस दिसेल असें द्यावें. आधींच मोकळेपणानें सांगितलेली सवलत हें औदार्य. मागाहून एकट्यास दिलेली तीच सवलत हा पक्षपात.

आपल्या सुशिक्षित घरांत ‘नाहीं’ म्हणणें असभ्य समजलें जातें. भीड भिकेची बहीण ही म्हण आपण मुलांस शिकवितों, आणि स्वतः मात्र अनोळखी माणसाच्या भिडेस पडून ओळखीच्या माणसांचें नुकसान करून घेतों. ज्यानें मागितलें त्यास दिलें कीं आपण सज्जन ठरलों असें आपणांस वाटतें. ज्यानें मागितलें नाहीं, अट पाळून बोली लावली आणि हार पत्करली, त्याच्या वांट्याचें आपण देऊन टाकलें हें मनांत येत नाहीं.

पेटी नागपूरच्या एका कारागिराकडून दुरुस्त करून आणिली. मग आम्हीं स्वतः आमगांवच्या मंडळास विचारलें. त्यांनीं तोंवर दुसरी पेटी घेतली होती. आमची घेण्यास त्यांच्यापाशीं आतां पैसा नव्हता, आणि फुकट घेण्यास ते तयार नव्हते. त्यांच्या बोलण्यांत रोष नव्हता, एवढें मात्र त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, “पुण्यास पाठवावयाची होती, तर आधीं तसें लिहिलें कां नाहीं?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पेटी सध्यां ओसरीवरच आहे. पुन्हां लिलाव मांडूं तेव्हां अट पुतण्या लिहील, आणि बोली संपल्यावर तीच अट वाचून दाखवील. इतकें आमच्या घरांत ठरलें आहे.